काठावरचे शब्द

पुस्तकाची पाठ उजव्या तळहातात घट्ट धरायची, डाव्या हाताचा अंगठा पानांच्या कडेवर टेकवायचा आणि फर्रकन पानं सोडत जायचं. मधेच एका पानाशी अंगठा अडायचा. मग चष्मा कपाळावर सरकवून, पुस्तक पार नाकाशी नेऊन ते म्हणायचे, "थांबा. मुळात काय आहे ते पाहू."

नागपुरात, धंतोलीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या ह्या गृहस्थांना सगळी गल्ली मास्तर म्हणत असे. मी एकटा सर म्हणायचो. ते शाळेत भूगोल शिकवत आणि मी त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. पण भूगोल हे त्यांचं पोट भरण्याचं काम. खरं काम म्हणजे बायबल, आणि तेही मराठी नव्हे. जुना करार मुळात हिब्रू भाषेत लिहिलेला, नवा करार ग्रीक भाषेत. आपल्या हाती येतं ते भाषांतर. सरांचं म्हणणं असं की भाषांतर म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेला निरोप. निरोप खराच असतो, पण देणारा नेमकं काय बोलला ते एकदा जाऊन विचारलेलं बरं. ह्या एका 'विचारलेलं बरं'साठी त्यांनी आयुष्याची चाळीस वर्षं घातली.

ही सवय मग सगळीकडे पसरली होती. नळावर दोन बायांचं भांडण जुंपलं की सर बाहेर यायचे आणि विचारायचे, "पहिला शब्द कोण बोललं? आणि नेमका कोणता?" दोघी आठवायला लागायच्या. आठवता आठवता बादल्या भरायच्या आणि भांडण तिथेच मरायचं. त्यांच्या मुलीनं "बाबा, वरण लागलं आज" असं म्हटलं तरी हे ताट पुढे ओढून म्हणणार, मुळात काय आहे ते पाहू. मुलगी गल्लीतल्याच एका दवाखान्यात नर्स होती. आई लहानपणी गेलेली, त्यामुळे बापाला रागवायचं काम तिच्याकडेच आलं होतं. "तुमचं मूळ पाहता पाहता भाजी थंडी होऊन राहिली," असं ती म्हणे, आणि सर गुपचूप जेवत.

रविवारी ख्रिस्ती देवळातला उपदेश संपला की मागच्या बाकावरून सरांचं एक बोट वर व्हायचं. पाद्रीसाहेब माणूस चांगला, पण त्यांनाही पोट होतं. एकदा ते हात जोडून म्हणाले, "मास्तर, आज मुळापर्यंत नका जाऊ. घरी पाहुणे आहेत." सर स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले. पण बोट पुढच्या रविवारीही वर झालंच.

मी काही ख्रिस्ती नाही. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेलं, आणि तेव्हापासून कुणाच्या ना कुणाच्या दप्तरात कारकुनी करत आलेलं. मीही सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचो. सर मला रेकॉर्डबाबू म्हणत. संध्याकाळी कचेरीतून आलो की त्यांच्या ओसरीवर बसायची मला सवय लागली होती. धर्माशी माझं देणंघेणं नव्हतं. एक माणूस एका शब्दाच्या मागे आठ-आठ दिवस कसा लागतो, ते पाहायला मला आवडायचं. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्याजवळ नुसतं बसलं तरी दिवसभराची कारकुनी अंगावरून उतरते.

त्यांना हिब्रू आणि ग्रीक शिकवलं ते एका म्हाताऱ्या परदेशी पाद्र्यानं. सर तेव्हा शाळेत नवे होते. रोज पहाटे त्याच्या व्हरांड्यात बसून दहा वर्षं शिकले. म्हातारा मायदेशी परत गेला तेव्हा आपलं हिब्रू बायबल सरांना देऊन गेला, आणि सोबत एक नियम देऊन गेला. वही करायची नाही. वही हरवते. जे सुचेल ते त्या शब्दाच्या शेजारीच लिहायचं, म्हणजे शब्द आणि त्याची टीप एकमेकांपासून कधी सुटणार नाहीत.

सरांनी हा नियम देववाणीसारखा पाळला. त्या जाडजूड पुस्तकाच्या प्रत्येक पानावर, ओळींपासून कडेपर्यंत, मुंगीएवढ्या अक्षरात मराठी टिपा होत्या. हा हिब्रू शब्द आणखी कुठे कुठे येतो, तिथे त्याचा काय अर्थ होतो, जुन्या मराठी भाषांतरात काय केलंय, त्यात काय सुटतंय. आणि सगळा विचार झाल्यावर, महिन्यानं म्हणा, वर्षानं म्हणा, एक मराठी शब्द पक्का ठरला की ते पुस्तक आडवं फिरवून अगदी पानाच्या कडेला तो शब्द उभा लिहायचे आणि त्याभोवती तांबड्या पेन्सिलीनं चौकट करायचे. अंगठ्यानं पानं सोडली की हेच शब्द एकामागून एक डोळ्यांपुढून जात. हवा तो दिसला की अंगठा थांबे.

"पण सर, पार काठावर काहून लिहिता?" मी एकदा विचारलं.

"आमचा बा उमरेडले मागावर बसे," ते म्हणाले. "लुगडं पाहाले गिऱ्हाईक आलं का आधी काठ चिमटीत धरून पाहे. काठ पक्का तर लुगडं पक्कं. मधातल्या सुताले कोणी नाही विचारत, गा."

शब्द ठरवायची त्यांची रीतही पाहण्यासारखी होती. कोश नंतर, माणसं आधी. संत्रीवाल्याला, टांगेवाल्याला, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेल्या खेड्यातल्या बाईला ते काहीही विचारत. "मावशी, माणूस रागावते, पण सोडून नाही जात, त्याले तुमच्याकडे काय म्हणते वं?" मावशी आधी घाबरायची, मग भरभरून बोलायची. अशा मिळालेल्या शब्दांतले किती टिकले, किती गळाले, ते सगळं टिपांत लिहिलेलं असे.

माझी आई काटोलकडची, शेतातली बाई. ती माझ्याकडे असताना सर एकदा तिच्यापुढे येऊन बसले. त्यांना एक शब्द अडला होता. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. दोन बायका एका लेकरासाठी राजापुढे भांडतात, राजा म्हणतो कापा आणि अर्धं अर्धं द्या, तेव्हा खरी आई ओरडते की तिलाच देऊन टाका पण मारू नका. त्या क्षणी आईला जे होतं त्याला हिब्रूत एक शब्द आहे, रहमीम. कूस ज्या मुळातून येते त्याच मुळातला. मराठीत त्या जागी दया, करुणा असलं काही करतात. सर म्हणाले, "आई, दया तं कोणावरही येते. भिकाऱ्यावर येते. हे ते नाही."

आई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याले काय शब्द लागते मास्तर? पोटात तुटलं तिच्या."

सर तसेच उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला बोलावून त्यांनी ते पान दाखवलं. काठावर, चौकटीत उभं लिहिलं होतं, पोटात तुटलं. खाली बारीक अक्षरात आईचं नाव आणि गाव. आईला वाचता येत नव्हतं. मी ते सांगितलं तर म्हणाली, "येडे आहेत मास्तर," आणि दिवसभर खुशीत होती. त्याच वर्षी ती गेली.

सरांची एकच इच्छा होती. बायबलचं नवं मराठी भाषांतर करणारं एक मंडळ होतं. सर त्यांना वर्षानुवर्षं पत्रं लिहीत, आणि तिकडून पोच मिळाल्याचं छापील कार्ड येई. अशी कार्डं त्यांनी सुतळीनं बांधून ठेवली होती. काठावरचे ते शब्द नव्या भाषांतरात जावेत, निदान कुणी जाणत्यानं एकदा पाहावेत, एवढंच. पत्रातून किती लिहिणार? सगळं तर त्या पुस्तकात. आणि पुस्तक दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

मग एका वर्षी, सर सत्तरी ओलांडून गेल्यावर, हातानं लिहिलेलं पत्र आलं. मंडळातले एक विद्वान दौऱ्यावर जाताना नागपुरात दोन गाड्यांच्या मधे थांबणार होते. नव्या कराराचं काम झालं आहे, जुन्या करारावरची आपली टिपणं पाहायची इच्छा आहे, असं त्यात होतं. सरांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं.

अडचण पुस्तकाची होती. शिलाई तुटलेली, पानं सुटलेली, पुठ्ठा नुसता नावाला. पाहुण्याच्या हातून पंख्याखाली पानं उडाली तर काय घ्या, ह्या काळजीनं सर हैराण. मी म्हणालो, "त्यात काय सर, आमच्या कचेरीचा बाइंडर आहे ना, तिकडे महाल भागात. वीस वर्षं मी त्याच्याकडे रजिस्टरं पाठवतोय. माझं नाव सांगितलं की नवं करून देईल."

पुस्तक तीस वर्षांत त्या घराबाहेर गेलं नव्हतं. सरांनी ते धुतलेल्या धोतरात गुंडाळून माझ्या हातात दिलं. दारापर्यंत आले, परत बोलावलं. म्हणाले, "एकच सांगजो गा त्याले. हे उजवीकडून उघडते. आपल्यासारखं नाही. उलटं नको बांधू म्हणा."

हे मी असं डोक्यात धरलं की विचारू नका. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून आपल्याला जे शेवटचं पान वाटतं ते त्यांचं पहिलं. बाइंडरपुढे मी पुस्तक दोनदा उघडून दाखवलं, मिटून दाखवलं. मग त्याच्या फळीवर बसून चिठ्ठी लिहिली, कारण चिठ्ठीशिवाय तो काम घेत नसे. सगळ्यात वर लिहिलं: पाठ उजव्या हाताला, उजवीकडून उघडणार. त्याखाली दोन रेघा मारल्या. आणि पुढे हात आपोआप चालला. नवीन शिलाई, कापडी पाठ, नवा पुठ्ठा, तिन्ही बाजू कटिंग. सही. वीस वर्षांत हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, ते देव जाणे.

चौथ्या दिवशी पुस्तक मिळालं. दुकानातच उघडून पाहिलं. पुठ्ठा उचलला, शिलाई पाहिली, पक्की होती. खुशीत निघालो. आता आठवलं की कळतं, बाइंडरला एवढं बजावूनही मी स्वतः ते डावीकडूनच उघडलं होतं.

सरांनी ते मांडीवर घेतलं आणि बरोबर उजवीकडचा पुठ्ठा उघडला. क्षणभर तसेच थांबले. मला वाटलं, नव्या खळीचा वास घेताहेत. मग पुठ्ठा मिटला, पाठ उजव्या तळहातात धरली, डावा अंगठा कडेवर ठेवला आणि फर्रकन पानं सोडली.

पांढरी. सगळी पांढरी आणि गुळगुळीत.

त्यांनी पुन्हा एकदा सोडली. मग उठून खिडकीशी गेले. एकेक पान उघडून बोट ओळीपासून कडेपर्यंत नेत राहिले. टिपा होत्या. सगळा विचार होता. जिथे विचार संपून शब्द यायचा, तिथे पान संपत होतं. काळवंडलेल्या, झिजलेल्या कडा साफ करायला बाइंडरनं बोटभर कागद उतरवला होता.

"मुळात काय आहे ते..." असं ते सवयीनं म्हणाले आणि थांबले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "शिलाई मजबूत केली, गा."

घाबरून माझ्या तोंडून जे निघालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणालो, "बाइंडरनं कापलं वाटतं, सर. ह्या लोकांना काही समजतच नाही."

सरांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "काही राहिलं का?"

हे त्यांचं नेहमीचंच होतं. धडा संपला, गप्पा संपल्या, मी उठायला लागलो की ते असंच विचारायचे. मी म्हणालो, "नाही सर," आणि सायकल काढून महालात गेलो.

बाइंडर म्हातारा, हाताला कायम खळ लागलेली. माझा आरडाओरडा त्यानं शांतपणे ऐकून घेतला. "साहेब, म्या तं तुमची चिठ्ठी पाहून केलं. तिन्ही बाजू कटिंग, तुमीच लिवलं ना. कडा लय काळ्या होत्या, म्हणून जरा जास्त घेतलं, सफा दिसावं म्हणून."

"चिठ्ठी कुठे आहे?"

"पुस्तकातच ठेवली. पहिल्या पुठ्ठ्याच्या आत. दरवेळेस ठेवतो तशी."

कापलेल्या पट्ट्या एका पोत्यात होत्या, शाळेच्या हजेरीपटांच्या आणि कुणाच्या लग्नपत्रिकांच्या कात्रणांत कालवलेल्या. अर्धं पोतं शेजारची चहावाली शेगडी पेटवायला घेऊन गेली होती. उरलेलं मी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सर हात धुवायला आत गेले तसं मी चोरासारखं पुस्तक उघडलं. उजवा पुठ्ठा पाहिला, डावा पाहिला. चिठ्ठी नव्हती. कुठेतरी पडली असेल. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. तरुण, सभ्य, चामडी बॅग घेतलेले. मुलीनं रजा घेऊन पोहे केले होते. सरांनी ठेवणीतला कोट घातला होता. पाहुण्यांनी एक पान उघडलं, टीप वाचली आणि खुर्चीत पुढे सरकून बसले. "फारच सखोल आहे हे," ते म्हणाले. "मग इथे आपण कोणता शब्द सुचवता?"

सरांचं बोट ओळीवरून सरकत कडेशी गेलं आणि तिथून हवेत आलं. ते डोळे मिटून बसले. एक शब्द म्हणाले. मग म्हणाले, "नाही, हा नव्हता." दुसरा म्हणाले. पाहुणे पेन्सिल धरून थांबले होते. सर म्हणाले, "लिहून टाकलं का मी डोक्यातून काढून टाकत असे, साहेब. पुढच्या शब्दाले जागा पाहिजे ना. आता पुन्हा विचार करून सांगू शकतो, पण तो आजचा शब्द होईल. तेव्हाचा माणूस निराळा होता." दुसरं पान, तिसरं पान, सगळीकडे हेच. आम्ही पाहत होतो. कुणाला काही करता येत नव्हतं.

दोन आयांच्या गोष्टीचं पान आलं तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "पोटात तुटलं. इथे पोटात तुटलं असं होतं." सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली. पाहुणे हसून म्हणाले, "छान आहे. थोडं ग्रामीण वाटेल कदाचित." त्यांनी ते लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलं, पोहे खाल्ले, सरांच्या पाया पडले आणि गाडीला गेले. पुढे नवं भाषांतर छापून आल्यावर मी दुकानात उभं राहून ते पान काढलं. तिथे एक चांगला, धुतलेला, इस्त्री केलेला शब्द होता.

त्यानंतर सहा वर्षं, दर रविवारी दुपारी, आम्ही पट्ट्या जुळवत बसलो. पोत्यातून आमच्या पुस्तकाच्या शंभरेक निघाल्या. प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना एखादा उभा शब्द, तांबड्या चौकटीत. सोबत. वाट पाहणे. हात सोडला नाही. ओलावा. माझ्या हातात शब्द आणि सरांच्या हातात पुस्तक. शब्द कोणत्या उंचीवर आहे ते मोजायचं, त्या उंचीला ज्यांच्या टिपा संपतात ती पानं काढायची, कापलेल्या अक्षराची शेपटी जुळते का ते पाहायचं. कधी महिन्यात एक जुळे. जुळली की मी ती खळीनं चिकटवायचो आणि सर लहान पोरासारखं हसायचे. मग त्यांना जुळलेलीही आठवेनाशी झाली. तीच पट्टी ते पुन्हा मागायचे. मी पुन्हा द्यायचो.

आणि दर रविवारी मी उठलो की त्यांचं ठरलेलं. "काही राहिलं का?"

मला हजारदा वाटलं, सांगून टाकावं. सर, ती चिठ्ठी माझी. सवयीनं लिहिलं. बाइंडर बिचारा निर्दोष आहे. शब्द ओठांवर यायचे. पण पहिल्या दिवशी जे सांगायला पाच मिनिटं लागली असती, ते वर्षानंतर सांगायला कुठून सुरुवात करावी तेच कळेना, आणि चार वर्षांनंतर तर तोंडच उघडेना. मी म्हणायचो, "नाही सर."

शेवटी त्यांना मुलीच्याच दवाखान्यात ठेवलं. दुपारी मी भेटायला गेलो तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून पडले होते. ओळखलं मला. "काय गा रेकॉर्डबाबू. काहून उभा राहिला? बस ना." मी बसलो. त्यांचा डावा अंगठा चादरीच्या काठावर हळूहळू फिरत होता. मी निघालो तसे त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "नाही सर, काही नाही राहिलं."

"बरं," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. दोन दिवसांनी गेले.

महिन्याभरानं त्यांची मुलगी ते पुस्तक धोतरात गुंडाळून घेऊन आली. "भाऊ, हे तुम्हीच ठेवा. बाबा बोलून गेले. मले यातलं काही समजत नाही."

ती गेल्यावर मी पुस्तक मांडीवर घेतलं, पाठ उजव्या तळहातात धरली आणि डाव्या अंगठ्यानं पानं सोडली. आम्ही चिकटवलेल्या पट्ट्यांशी अंगठा अडखळत होता. एका ठिकाणी जास्तच अडला. दोन आयांच्या गोष्टीचं पान. आत एक घडी केलेला कागद होता. उघडण्याआधीच मी तो ओळखला. पाठ उजव्या हाताला, उजवीकडून उघडणार. खाली दोन रेघा. तिन्ही बाजू कटिंग. माझी सही.

चिठ्ठी त्यांनी पहिल्या दिवशीच, पुठ्ठा उघडताक्षणीच पाहिली होती. 'कटिंग' ह्या शब्दाखाली बारीक रेघ होती, आणि कोऱ्या जागेत त्या मुंगीएवढ्या अक्षरात टीप. तारीख त्याच संध्याकाळची. 'मुळात: लिहिणाऱ्याचं सगळं ध्यान पुस्तक उलटं होऊ नये इकडे. पुढचं हातानं लिहिलं, माणसानं नाही.'

म्हणजे सहा वर्षं, दर रविवारी, त्यांना माहीत होतं. मी बाइंडरला शिव्या देत होतो तेव्हाही माहीत होतं. ते फक्त विचारत होते.

मग मी चिठ्ठी आडवी फिरवली. काठाला, उभी, तांबड्या पेन्सिलीची चौकट होती. सरांनी शब्द ठरल्याशिवाय कधी चौकट केली नव्हती. ही चौकट रिकामी आहे. तिथे जे यायचं होतं ते माझ्या तोंडून यायचं होतं.

त्यांची तांबडी पेन्सिल धोतराच्या घडीत निघाली. परवा मी तिला टोक केलं, चिठ्ठी पुढे घेतली आणि पेन्सिल परत ठेवून दिली.